सातवा पूल

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण ज्याच्यावर हे बेतलं तो यौ-लिन माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि शेवटचा प्रकार तर मी स्वतः समोर बसून पाहिलाय. तेव्हा अमावस्या होती का, कुत्री रडत होती का, असलं मला विचारू नका. अमावस्या नव्हती. रात्रसुद्धा नव्हती. गाडीचा प्रकार सुरू झाला तो गेल्या वर्षीचा जुलै, रविवार, दुपारचे चार, आणि ऊन असं की कुत्री जीभ काढून गटाराच्या कडेला पडलेली.

जागा आमच्याच गावची. च्यायी शहराच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. दोन्हीकडे मासे पाळायची तळी, मधून एक सरळ रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला मावशीचं लाल विटांचं घर.

मावशीला दोन मुलगे. थोरला ख्वान, धाकटा यौ-लिन. नवरा दूरच्या समुद्रावर, मासेमारीच्या बोटीवर. वर्षातून एकदा तोंड दाखवणार. त्यामुळे घर म्हणजे ही तिघंच.

दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारख्या दोन मोटरसायकली घेतल्या होत्या. ख्वानची लाल, यौ-लिनची काळी. ख्वान आपल्या गाडीला नवरीसारखा जपायचा. यौ-लिन तीनदा पडला, तिन्ही वेळा पॅनेल फोडून आला.

"आली का तुझी म्हैस चिखलातून?" ख्वान रोज चिडवायचा.

"म्हैस तर म्हैस. तुझी नवरी तुझ्या तरी ऐकण्यात आहे का?"

असं चालायचं. मग एप्रिलमध्ये ख्वान डोंगराकडून परत येताना एका वळणावर घसरला.

गाडी बांबूच्या बेटात जाऊन निजली. खाली दगडावर आपटून इंजिनाचं बूड फुटलं, पण लाल अंगावर एक ओरखडा नाही. ख्वानचं डोकं मात्र सिमेंटच्या कडेवर आपटलं होतं.

एकोणतीस वर्षांचा होता.

आमच्याकडे अपघातात गेलेल्याचा जीव तिथेच राहतो. त्याला हाक मारून घरी आणावं लागतं. आणि मेलेल्याला एकट्याने पाणी ओलांडता येत नाही. वाटेत पूल लागला की रक्ताच्या माणसाने सांगायचं... बाळा, पूल आलाय, ओलांड. नाही सांगितलं, तर तो पुलाच्या अलीकडेच उभा राहतो.

मावशी हातात उदबत्ती धरून गाडीत बसली. शेजारी पुजारी, मागे यौ-लिन. रडून रडून तिला पुढचं नीट दिसतही नव्हतं. पुलाचे कठडे दिसले की हाक मारायची, एवढंच तिने डोक्यात धरून ठेवलं होतं.

सहा पूल लागले. सहा हाका मारल्या.

घरी आल्यावर देव्हाऱ्यात ठेवलेल्या ख्वानच्या नावाच्या लाकडी पाटीसमोर कौल लावला. दोन लाकडी फाका, अर्ध्या चंद्रासारख्या. टाकल्यावर एक पालथी आणि एक उताणी पडली की होकार. "ख्वान, घरी आलास का?" मावशीने विचारलं.

होकार.

परत होकार.

तिसऱ्यांदाही होकार.

मावशीचा जीव भांड्यात पडला. पोरगा गेला तो गेला, पण निदान घरी तरी आला, म्हणाली.

तेव्हापासून शंभर दिवस त्याच्या पाटीसमोर सकाळ-संध्याकाळ जेवण ठेवायचं होतं. भाताची वाटी, वर थोडं कालवण, आणि चॉपस्टिक्स. सकाळी तोंड धुवायला पाणी आणि टॉवेलही. शंभराव्या दिवशी रोजचं ताट बंद होतं. ही रीतच आहे.

ख्वान डावखुरा होता. लहानपणी जेवताना दोघा भावांची कोपरं एकमेकांना लागायची आणि रोज भांडण व्हायचं. म्हणून मावशी चॉपस्टिक्स आठवणीने वाटीच्या डावीकडे ठेवायची.

ताट उचलायला गेली की त्या उजवीकडे असायच्या.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच चुकलो. दुसऱ्यांदा वाटलं, मांजर असेल. मग एकदा हसली आणि डोळे पुसत यौ-लिनला म्हणाली, "तिकडे सगळे उजव्या हातानेच जेवत असतील रे. आपलं कधी ऐकलं नाही, त्यांचं ऐकलं बघ मेल्याने."

टॉवेलही ओला असायचा.

मावशीला त्याची भीती वाटत नव्हती. उलट आधार होता. पोरगा घरात आहे, जेवतोय, तोंड धुतोय... आईला आणखी काय हवं?

तर तो जुलैचा रविवार. भंगारवाला सोमवारी ख्वानची गाडी न्यायला येणार होता. मावशी सकाळपासून त्या लाल गाडीभोवती घुटमळत होती. मध्येच फडकं घेऊन पुसायची.

यौ-लिनला बघवेना. "आई, मी काय म्हणतो, गाडी जाऊ दे. वरचं लाल तेवढं काढून माझ्या गाडीला लावतो. माझं फुटकं काळं त्याच्या सांगाड्याला."

"मेलेल्याचे कपडे अंगावर घालू नयेत."

"कपडे कुठे आहेत? प्लास्टिक आहे ते."

मावशीने लाल टाकीवरून फडकं फिरवलं. मग म्हणाली, "लाल तेवढं राहू दे बाबा. रस्त्यावरून येताना दिसेल मला."

अंगणात पत्र्याच्या सावलीत त्याने दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावल्या. अंड्यांचे दोन रिकामे ट्रे घेतले, एक लाल गाडीचा, एक काळीचा. निघेल तो स्क्रू त्या त्या खळग्यात, निघेल त्या क्रमाने. ही युक्ती ख्वाननेच त्याला शिकवलेली. नाहीतर शेवटी चार स्क्रू हातात उरतात आणि ते कुठले, ते देवालाही सांगता येत नाही.

आधी सीट. मग दोन्ही साइड कव्हर. ती ओढून काढायची नसतात, आतल्या खुंट्या मोडतात. तळहाताने दाबत दाबत एकेक सोडवायची. टक्... टक्... टक्. मग टाकीवरचं कव्हर, पुढचं तोंड, मडगार्ड. आरसे, मोबाइलचा स्टँड, हँडलला बांधलेली देवळातल्या अंगाऱ्याची पुडी. सगळ्यात शेवटी मागची लाल शेपटी आणि तिच्यावरचा, मागच्या माणसाने धरायचा दांडा.

तीन तास लागले. चार वाजता काळी गाडी लाल झाली आणि लाल गाडी काळी.

मावशी दारात उभी राहून बघत होती. "अगदी तोच आल्यासारखा वाटतो," म्हणाली आणि आत निघून गेली.

यौ-लिन संध्याकाळच्या जेवणाचं सामान आणायला निघाला.

घरापासून दोनशे पावलांवर सुपारीची टपरी आहे. तिच्यासमोरून जाताना गाडीचा मागचा भाग एकदम खाली दबला. जसं कोणी मागे बसल्यावर दबतो, तसा.

त्याने मागे पाहिलं.

कोणी नव्हतं.

शॉकअप गेला असेल, असं म्हणून तो पुढे गेला. बाजार केला, परत फिरला. टपरीसमोर आला, आणि गाडी बंद पडली. आचका नाही, धूर नाही. दिवा, हॉर्न, सगळंच बंद.

खाली उतरून ढकलायला लागला. गाडी हलेना. गिअर तपासला, न्यूट्रल. ब्रेक मोकळे. चढही नाही, रस्ता पाटासारखा सपाट. दात-ओठ खाऊन चार पावलं ढकलली... आणि गाडी एकदम अशी हलकी झाली की तो तोंडावर पडता पडता वाचला.

बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात चालू झाली.

तेव्हा त्याचं लक्ष गेलं. मागचे दोन्ही फुटरेस्ट उघडलेले होते. मागे माणूस बसवला की पाय ठेवायला उघडतो, ते. निघताना त्याने स्वतःच्या हाताने मिटवले होते.

दुसऱ्या दिवशी तेच. जाताना टपरीसमोर मागचा भाग दबला. येताना तिथेच गाडी बंद. फुटरेस्ट उघडे.

तिसऱ्या दिवशीही तेच.

त्याने मावशीला काही सांगितलं नाही. पण ती काय आंधळी आहे? रोज पोरगा घामाघूम होऊन गाडी ढकलत येतो. एक मुलगा याच लाल रंगाने नेलेला. चौथ्या दिवशी तिने किल्ली उचलून पदराआड केली... म्हणजे एप्रनच्या खिशात टाकली, पण भाव पदराचाच.

"काढ ते सगळं. आत्ताच्या आत्ता. मला एकच राहिलाय."

"वायरिंगमध्ये काहीतरी असेल, आई. शोधतो ना."

"शोध. पण मला तुझा फोटो त्याच्या शेजारी लावायचा नाही, एवढं लक्षात ठेव."

यौ-लिन डोक्याने मिस्त्री आहे. दोष शोधायचा तर एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा नियम. दोन दिवस भंगारवाल्याला थोपवलं होतंच. त्याने एकेक लाल भाग काढून आपला जुना काळा लावायला सुरुवात केली. एक भाग बदलायचा, टपरीच्या पुढे जायचं, परत यायचं.

अंगाऱ्याची पुडी काढली. गाडी बंद.

आरसे बदलले. बंद.

पुढचं तोंड, टाकीचं कव्हर, मडगार्ड... बंद, बंद, बंद.

टपरीवरची बाई हसायला लागली. "सातव्यांदा चाललास. इकडे मुलगी बघितलीस की काय? सांग की, मी शब्द टाकते."

त्याला हसू आलं नाही. शेवटी उरली होती ती मागची लाल शेपटी आणि दांडा. ती काढून काळी लावली, गेला, आला.

गाडी बंद पडली नाही.

लाल शेपटी परत लावली. बंद पडली.

त्याने त्या लाल दांड्यावर हात ठेवला. लहानपणापासून ख्वान त्याच्या मागे बसला की डावा हात त्याच्या खांद्यावर आणि उजवा मागच्या दांड्यावर. नेहमी. आणि आत्ता, गाडी बंद पडायच्या क्षणी... त्याच्या डाव्या खांद्यावरचा शर्ट दबला होता.

तो तिथेच रस्त्यात बसून राहिला.

तेवढ्यात तान काका सायकल ढकलत आले. कालव्याच्या पाण्याची दारं उघडण्या-मिटण्यात ज्यांची चाळीस वर्षं गेली, तो हा म्हातारा.

"अरे, पुलावर काय बसलायस? घरी जा की."

यौ-लिनने वर पाहिलं. "कुठला पूल, काका?"

"हा काय. तू बसलायस तो."

काकांनी हातातली छत्री डांबरावर आपटली. ठप्प. दोन पावलं पुढे येऊन परत आपटली.

घुम्म...

खाली पोकळ होतं.

"जत्रेच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून हिवाळ्यात कालवा झाकला नाही का? कठडे काढले, वर डांबर टाकलं. ही टपरीसुद्धा पाण्यावरच उभी आहे. अजून आहे पाणी खाली. वरून झाकलं म्हणून कालवा थोडाच जातो."

यौ-लिन गाडी तिथेच टाकून पळत घरी गेला.

मावशी शिंपले धूत होती. त्याने सांगितलं तेव्हा तिच्या हातातली टोपली तशीच राहिली. पाणी गळत राहिलं.

"त्या कठड्यावर बसून मी तीस वर्षं शिंपले निवडले," ती म्हणाली. "ख्वानला तिथेच चालायला शिकवलं. आणि त्या दिवशी कठडा दिसला नाही म्हणून मी... मी सहाच हाका मारल्या रे."

मग तिने हिशोब केला. अठ्ठ्याण्णवावा दिवस होता.

"अठ्ठ्याण्णव दिवस लेकरू दोनशे पावलांवर उभं आहे. घराचं दार दिसतंय त्याला. आणि उपाशी."

ती अनवाणीच निघाली. देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून हातात घेतली. यौ-लिनने गाडी टपरीच्या पलीकडे नेऊन वळवली. मागची जागा मोकळी ठेवली. मावशी बाजूने चालत होती. टपरीवाली उभी राहून बघत होती, आणि आता तीही हसत नव्हती.

गाडी त्या जागी आली... आणि बंद पडली.

मावशी रस्त्यावर वाकली. खणखणीत आवाजात बोलली.

"ख्वान. पूल आलाय, बाळा. ओलांड."

काही झालं नाही.

"शेवटचा आहे. पुढे घरच आहे. ओलांड रे राजा. आई आहे ना."

खालून, डांबराखालून, पाण्याचा खळकन आवाज आला.

यौ-लिनने बटण दाबलं. गाडी चालू झाली. मागचा भाग दबलेलाच होता. तो पहिल्या गिअरमध्ये, आईच्या चालीने, हळूहळू घरी आला. डावा खांदा त्याने जरासुद्धा हलवला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि घाबरलो नव्हतो म्हणतो. दादा मागे बसला होता, बस.

अंगणात पत्र्याखाली गाडी उभी केली.

शॉकअप सावकाश वर आला.

मावशी धावत स्वयंपाकघरात गेली. गरम भात, त्याच्या आवडीचं डुकराचं कालवण, वर अंडं. चॉपस्टिक्स डावीकडे. पाटीसमोर वाटी ठेवली आणि कौलाच्या फाका हातात घेतल्या.

"ख्वान, आलास का?"

होकार.

"ख्वानच ना तू?"

होकार.

"आता जेवशील ना पोटभर?"

होकार.

मावशी जमिनीवर डोकं टेकून हमसाहमशी रडली. यौ-लिनही रडला. अठ्ठ्याण्णव दिवसांचं रडू होतं.

मग यौ-लिन रडायचा थांबला.

"आई."

"काय रे?"

"त्या दिवशीही तीन होकार आले होते."

मावशीने डोकं वर केलं.

"दादा जर तिकडे पुलावर उभा होता..." त्याने कौलाच्या फाकांकडे पाहिलं. "तर त्या दिवशी होकार कोणी दिला?"

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

ओला टॉवेल. रिकामी नाही, पण रोज गार पडलेली वाटी. आणि उजवीकडे सरकलेल्या चॉपस्टिक्स...

टक.

दोघांनी पाटीकडे पाहिलं. आत्ता मावशीने ठेवलेल्या दोन चॉपस्टिक्सपैकी एक वाटीच्या डावीकडे होती.

दुसरी उजवीकडे.

पुजाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाटीकडे एकदाच पाहिलं, आणि मावशीला म्हणाला, "शंभर दिवस तुम्ही ज्याला जेवू घातलंत, त्याला आता जा म्हणायचं कसं? मला तरी सांगता येणार नाही. आणि कौल लावून तो कोण आहे हे विचारू नका. उत्तर आलं तर काय कराल?" चहासुद्धा न घेता गेला.

त्या लाल शेपटीचं काय केलं विचाराल, तर ती अजून यौ-लिनच्या गाडीला आहे. बाकी सगळी गाडी काळी. पुलावर आता बंद पडत नाही. भंगारवाला मधल्या काळात कधीच येऊन ख्वानच्या गाडीचा सांगाडा घेऊन गेला.

शंभरावा दिवस आला आणि गेला. रोजचं ताट बंद करायचं होतं. मावशीने बंद केलं नाही. सगळे बोलले तिला, मीही बोलले. म्हणाली, "बंद करू तर कोणाचं करू? एकाचं केलं तर दुसराही उठेल. माझा आत्ता कुठे आलाय."

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. सकाळचे आठ. पाटीसमोर आता दोन वाट्या असतात. डावीकडच्या वाटीच्या डाव्या बाजूला चॉपस्टिक्स, उजवीकडच्या उजव्या. एकाच भांड्यातला भात, एकाच पळीतलं कालवण, एकाच वेळी वाढलेलं. मी समोरच बसले होते.

डावीकडच्या वाटीतून वाफ येत होती.

उजवीकडची वाफ एकदम थांबली. मी हात लावून पाहिला. भात बर्फासारखा गार.

डावीकडचा मात्र अर्ध्या तासाने उचलला तेव्हाही तसाच गरम होता. कोणी शिवलंच नव्हतं.

"रोज असंच होतं," मावशी म्हणाली. मग पाटीकडे वळून, दाराशी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात, ती हळूच म्हणाली, "तुम्ही जेवा हो. तुम्हाला नाही कोण म्हणतंय. पण माझ्या पोराला पण जेवू द्या."

मी त्यानंतर तिच्याकडे गेलेले नाही.